साइट-रीडिंगमध्ये 'नजर पुढे ठेवा' म्हणतात, पण ठेवायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की चाळिशीनंतर पियानो सुरू केला, आता एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या ग्रेड ५ च्या प्रत्यक्ष परीक्षेची तयारी चालू आहे, पीसेस पाठ झाले की छान बसतात, पण साइट-रीडिंगला, म्हणजे आधी न बघितलेला कागद बघता बघता वाजवायला घेतलं की दर दोन बारला (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक खण) गाडी अडते. टीचर सांगतात नजर पुढे ठेवा, आणि नजर पुढे नेली की हाताखालचं चुकतं. म्हणून तुम्ही विचारलंय की डोळे वेगात फिरवायचे काही व्यायाम किंवा ॲप असतात का, आणि या वयात हे जमतं का.

मी पुण्यात पियानो शिकवते आणि साथ करते, म्हणजे गाणाऱ्यांना, व्हायोलिनवाल्यांना, परीक्षेला बसणाऱ्या मुलांना अकम्पनी. साथीचं कामच असं आहे की कागद बऱ्याचदा आदल्या रात्री मिळतो, कधीकधी तिथे पोचल्यावरच. त्यामुळे या विषयावर माझी मतं पक्की आहेत आणि पहिलं मत हे, की डोळ्यांच्या व्यायामावर वेळ घालवू नका. तुमचे डोळे जितके वेगात हलायला हवेत तितके आत्ताच हलतायत. अडतंय ते डोळ्याने उचललेलं ओळखण्यात, आणि 'पुढे बघा' हा सल्ला चुकीचा नसला तरी तो परिणाम सांगतो, उपाय सांगत नाही. पुढचं ओळखायला वेळ शिल्लक राहिला की नजर आपोआप पुढे जाते, जबरदस्तीने ढकलली तर हातातलं निसटतं, तुम्हाला नेमकं तेच होतंय.

आधी डोळा काय करतो ते बघू. वाचताना नजर ओळीवरून घसरत जात नाही, ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद किंवा थोडं जास्त थांबते, मग उडी, आणि उडीच्या त्या क्षणात नवीन काही दिसत नाही. थांबल्यावरही अगदी स्पष्ट दिसणारा भाग लहानच असतो, नजरेच्या मध्यावरचे जेमतेम दोन अंश. म्युझिक स्टँड साठ-सत्तर सेंटिमीटरवर असेल तर कागदावर तो दोन-अडीच सेंटिमीटरचा गोल होतो. आता तुमच्या पुस्तकात ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या पाच रेघांच्या स्टाफच्या, सगळ्यात वरच्या रेघेपासून बेसच्या, म्हणजे खालच्या स्टाफच्या, सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत पट्टी लावून बघा, बहुतेक पुस्तकांत त्याहून जास्त भरेल, लेजर लाइन्स (स्टाफच्या वर-खाली जोडलेल्या छोट्या रेघा) वेगळ्याच. म्हणजे दोन्ही स्टाफ एकदम स्पष्ट दिसणं कोणालाच शक्य नाही, मोठमोठ्या पियानिस्टनाही नाही. सगळ्यांचीच नजर वर-खाली, पुढे-मागे फिरत असते. वीव्हर नावाच्या संशोधकाने १९४३ मध्येच हे नोंदवलं होतं, की कॉर्ड्सचं (एकदम वाजणाऱ्या सुरांचं) संगीत असेल तर पियानिस्टची नजर जास्त करून उभी फिरते, आणि दोन स्वतंत्र चाली एकमेकींत गुंफलेल्या असतील तर ती एका ओळीत थोडं आडवं जाऊन मग दुसऱ्या ओळीवर येते. त्यामुळे 'माझी नजर सारखी इकडेतिकडे उडते' असं जे तुम्ही लिहिलंय त्याची काळजी सोडून द्या, ती तशीच उडायला हवी.

मग चांगला वाचणारा आणि अडखळणारा यांच्यात फरक कुठे पडतो? जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये एक साधा पण फार हुशार प्रयोग केला, वाजवता वाजवता अचानक समोरचं पान दिसेनासं केलं आणि त्यानंतर माणूस अजून किती नोट्स बरोबर वाजवतो ते मोजलं. चांगले वाचणारे सात नोट्सपर्यंत गेले, कच्चे तीन-चारवर थांबले. आणि त्या सात नोट्स कुठेही तुटत नव्हत्या, फ्रेज (संगीतातलं एक वाक्य) जिथे संपते तिथपर्यंत पोचायचा कल होता. पुढे १९९९ मध्ये फर्नो आणि लँड यांनी डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावून हेच तपासलं आणि त्यांना जे सापडलं ते मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. नजर हाताच्या किती पुढे आहे हे वेळेत मोजलं तर ते नवशिक्यात आणि व्यावसायिकात जवळपास सारखंच निघालं, साधारण एक सेकंद. लय वाढवली तर ते ०.७ सेकंदापर्यंत उतरतं, कमी केली तर १.३ पर्यंत जातं, पण कौशल्यामुळे बदलत नाही. कौशल्यामुळे बदलतं ते त्या सेकंदात काय मावतं ते. नवशिक्याच्या सेकंदात दोनेक नोट्स, व्यावसायिकाच्या सेकंदात चारेक.

यावर जरा थांबून विचार करा. तुमचे टीचर तुमच्यापेक्षा 'लांब' बघत नाहीयेत, त्या तेवढ्याच वेळात जास्त गोळा करतायत. आणि 'पुढे' म्हणजे ओळभर पुढे असंही नाही. ट्रुइट, क्लिफ्टन, पोलाट्सेक आणि रेनर यांनी १९९७ मध्ये सोप्या एकेरी चालींवर तपासलं तेव्हा नजर सरासरी एखाद्या बीटनेच (मात्रेनेच) हाताच्या पुढे होती. स्लोबोडांच्या आणि यांच्या आकड्यांत तफावत दिसते कारण मोजायची पद्धत वेगळी आहे, आणि अंतर संगीतावर, लयीवर, माणसावरही अवलंबून असतंच. पण तुम्ही पुढचा अख्खा बार बघायला जाता आणि बुडता, तेवढं लांब जायची गरजच नाही.

आता ओळखणं म्हणजे काय ते एका उदाहरणावर दाखवते. ॲना मॅग्डालेना बाखच्या वहीतलं जी मेजरचं मिन्युएट तुम्ही वाजवलं असणारच (आधी बाखच्या नावावर होतं, आता ते पेत्झोल्टचं मानतात). राइट हँडला पहिल्या बारमध्ये वरचा डी, मग जी-ए-बी-सी, दुसऱ्या बारमध्ये डी आणि दोन वेळा जी. नोट मोजून वाचणाऱ्याला या आठ नोट्स म्हणजे आठ निर्णय. मला हे असं दिसतं की डी वरून पाचवीने (डी धरून पाचव्या सुरावर) खाली जी वर यायचं, तिथून पायरीपायरीने परत त्याच डीपर्यंत चढायचं आणि जी दोनदा. अंगठा जी वर आणि करंगळी डी वर ठेवली की दोन बार हात जागचा हलत नाही. लेफ्ट हँडला जी मेजर कॉर्ड, मग ए, पुढच्या बारला बी, तिसऱ्याला सी, आणि नंतर बी-ए-जी करत परत खाली. म्हणजे एक कॉर्ड आणि एक जिना, बास. तिसऱ्या बारला राइट हँड ई वरून सी वर येतो आणि तिथून एफ शार्पपर्यंत चढतो, इथे हाताची जागा बदलते. चौथ्या बारला वरचा जी आणि लगेच एक ऑक्टेव्ह (सप्तक) खालचा जी दोनदा. चार बारमध्ये डोळ्याला खरं काम लावणाऱ्या जागा दोनच आहेत, तिसऱ्याची सुरुवात आणि चौथ्यातली ती ऑक्टेव्ह. बाकी सगळं ओळखीचं, तिथे नजर फार वेळ रेंगाळत नाही, आणि वाचलेला वेळ या दोन जागांवर खर्च होतो. लेफ्ट हँडला दुसऱ्या बारपासून तीन बीटची एकच नोट धरलेली आहे, म्हणजे तिकडे बारभर बघायलाच नको, तोही वेळ वरच्या ओळीला मिळतो.

फिनलंडमधल्या हुओव्हिनेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं, की पुढे काही अवघड दिसत असेल तर वाजवणाऱ्याची नजर तिथे एरवीपेक्षा लवकर पोचते. आणि गूल्सबी यांच्या १९९४ च्या अभ्यासात चांगले वाचणारे पुढे बघून परत हाताखालच्या जागेवरही येताना दिसले. म्हणजे नजर मागे आली की आपण कच्चे, असं अजिबात नाही. डोळा मागे आला तर चालतो, हात मागे यायला नको.

आपण मराठी वाचताना काना-मात्रा-वेलांटी सुटी सुटी वाचत नाही, शब्द ओळखीचा असतो म्हणून पुढे सरकतो, तसंच हे आहे. याचा एक पुरावा तर फार सुंदर आहे. बोरिस गोल्डोव्हस्की हे मोठे पियानिस्ट आणि ऑपेराचे कंडक्टर, त्यांच्या एका विद्यार्थिनीने ब्राह्म्सच्या ओपस ७६ मधल्या दुसऱ्या नंबरच्या काप्रिचिओत एका कॉर्डमध्ये जी शार्पऐवजी जी नॅचरल (साधा जी) वाजवला. त्यांनी थांबवून दुरुस्त करायला सांगितलं तर ती म्हणाली, मी जे लिहिलंय तेच वाजवलं. आणि खरंच छापील प्रतीत चूक होती. वर्षानुवर्षं उत्तम वाचणारे लोक तिथे नकळत जी शार्पच वाजवत आले होते, कारण त्या जागी कॉर्ड सी शार्प मेजरची आहे, तिथे जी नॅचरलचं काही काम नाही. नंतर गोल्डोव्हस्कींनी कसलेल्या वाचकांना मुद्दाम शोधायला लावलं तरी त्यांना ती चूक पटकन सापडेना. सापडली ती वाचनात कच्च्या असलेल्या मुलीला, कारण ती प्रत्येक नोट सुटी वाचत होती. तुम्ही लिहिलंय की 'प्रत्येक नोट नीट बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही', तर तुम्ही आत्ता त्या मुलीच्या जागी आहात. प्रामाणिकपणे वाचताय, पण अपेक्षा न ठेवता वाचताय. अपेक्षा तयार होते ती स्केल्स (क्रमाने चढणारे-उतरणारे सूर), कॉर्ड्स, केडन्स (फ्रेज संपवणाऱ्या कॉर्ड्स) हाताला आणि कानाला ओळखीचे झाल्यावर. स्केल्स परीक्षेपुरत्या करायच्या आणि सोडून द्यायच्या असं बरेच जण करतात, मला त्याचं वाईट वाटतं, कारण वाचनाचा शब्दसंग्रह तिथेच साठतो.

आता काय करायचं ते. पहिलं म्हणजे तुम्ही वाचायला ग्रेड ५ चंच पुस्तक घेताय, ते बंद करा. वाचायला घेतलेलं तुमच्या ग्रेडपेक्षा दोन, हवं तर तीन ग्रेड खालचं पाहिजे. इतकं सोपं की एका हाताला जवळजवळ विचार लागू नये. अवघड कागदावर तुम्ही वाचनाचा सराव करतच नसता, उलगडा करत बसता, ती वेगळी गोष्ट आहे आणि तिने लय मोडायची सवय लागते. सोपं, रोज, थोडं, आणि प्रत्येक तुकडा एकदा, फार तर दोनदा, मग पान उलटायचं. तिसऱ्यांदा वाजवलं की ते वाचन राहत नाही, पाठांतर सुरू होतं, आणि तुमचं पाठांतर आधीच चांगलं आहे त्यामुळे तुम्हाला हा धोका जास्त. मटेरियल खूप लागतं, विकत घेऊन पुरत नाही. आयएमएसएलपी या वेबसाइटवर कॉपीराइट संपलेल्या स्कोअर्सचा साठा मोफत आहे, शिवाय ओळखीत कोणी चर्चमध्ये वाजवत असेल तर जुनं हिमबुक (चर्चमधल्या भजनांचं पुस्तक) मागून घ्या. हिम्स चार आवाजांत असतात, लय सरळ असते, त्यामुळे कॉर्ड उभी वाचायची सवय त्यांच्याइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही. आणि कॉर्ड वाचताना खालून वर वाचा, बेस आधी. बेस कळला की वरचं काय असणार याचा निम्मा अंदाज आलेला असतो.

दुसरं, थांबायचं नाही. मेट्रोनोम इतका हळू ठेवा की लाज वाटली तरी चालेल, पण बीट सुटता कामा नये. काही मावत नसेल तर नोट्स सोडा, लय सोडू नका. मधले आवाज सोडा, लेफ्ट हँडची फक्त पहिल्या बीटची नोट घ्या, अगदी पूर्ण बार रिकामा गेला तरी पुढच्या बारच्या एकवर हजर व्हा. चुकलं की मागे जाऊन दुरुस्त करायची जी सवय असते ना, ती 'पुढे बघणं' होऊ न देण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, कारण हात मागे गेला की नजरही तिथेच अडकून पडते. एकट्याने हे पाळणं कठीण जातं म्हणून शक्य असेल तर चार हातांचे ड्युएट्स वाजवा किंवा कोणाच्या तरी गाण्याला सोपी साथ करा, समोरचा माणूस थांबत नाही म्हटल्यावर आपणही थांबत नाही. सोलो शिकणारे आणि अकम्पनी शिकणारे पियानिस्ट यांची तुलना लेहमान आणि एरिक्सन यांनी १९९३ मध्ये केली तेव्हा वाचनात साथवालेच सरस ठरले, ते मला साथीदार म्हणून रोज दिसतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रामधले गोव्याचे वादक. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज (स्वरांची नावं घेत कागदावरून गाणं) घोटलेलं, आणि मग स्टुडिओत अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरने लिहिलेले पार्ट्स समोर ठेवायचे आणि रेकॉर्डिंगला लागायचं. नवीन कागद, माणसं सोबत आणि थांबायची सोय नाही, असं वर्षानुवर्षं झाल्यावर वाचन पक्कं होणारच.

तिसरा सराव कार्डाचा, हा नजरेसाठी मी देते तो एकच. घरातलं कोणीतरी शेजारी बसवा, संगीत येत नसलं तरी चालेल. तुम्ही मोठ्याने बीट मोजत वाजवायचं आणि तुम्ही बारचा शेवटचा बीट म्हणालात की त्यांनी तो बार व्हिजिटिंग कार्डाने झाकायचा. हे जमलं की एक बीट आधी झाकायला सांगा. शेवटी 'एक' म्हणताच बार झाकला जातो आणि उरलेला बार तुम्ही डोक्यातून वाजवता, तोवर नजरेला पुढच्या बारवर जाण्याशिवाय दुसरं काम राहत नाही. हे फक्त अतिशय सोप्या मटेरियलवर करा आणि थोडाच वेळ, याने डोकं लवकर थकतं. आणि वाजवायच्या आधी बार मनातल्या मनात आकारात सांगून बघा, वर मिन्युएटचं सांगितलं तसं, 'कॉर्ड, जिना वर, ऑक्टेव्ह खाली'. नोटांची नावं घेऊ नका. तुम्ही विचारलेली ॲप्स बहुतेक एकेक नोट दाखवून नाव विचारतात, लेजर लाइन्स पक्क्या करायला ती ठीक आहेत, त्यापुढे नाहीत.

हाताकडे बघावं का, हेही विचारलंय. बघायचंच नाही असा नियम मी करत नाही. बॅन्टन यांनी १९९५ मध्ये पियानिस्टना हात दिसणार नाहीत अशी व्यवस्था करून वाचायला लावलं तेव्हा चुका वाढल्या, आवाज बंद केला तेव्हा मात्र विशेष फरक पडला नाही. म्हणजे अधूनमधून खाली टाकलेली नजर कामाची असते. फक्त ती ठरवून टाका, मोठ्या उडीच्या वेळी, आणि मान न हलवता, नाहीतर परत येताना ओळ हरवते. पाठ करून वाजवणारे लोक सवयीने सतत कीबोर्डकडे बघतात, तुमचंही तसं होत असणार. दोन आणि तीन काळ्या पट्ट्यांचे गट डोळे मिटून बोटांनी शोधायचा सराव रोज दोन मिनिटं केला तरी खाली बघायची गरज खूप कमी होते.

वयाबद्दल. माइन्झ आणि हॅम्ब्रिक यांच्या २०१० च्या अभ्यासात पियानिस्टमधल्या साइट-रीडिंगच्या फरकापैकी जवळपास निम्मा फरक सरावाने समजावता आला, आणि वर्किंग मेमरीचा (काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेचा) वाटा त्यावर साधारण सात टक्के होता. म्हणजे उपजत काही असतंच, पण मोठा वाटा सरावाचा. लहानपणी सुरू केलेल्यांना फायदा असतो हे खरं आहे, तुम्ही व्यावसायिक साथीदार व्हाल असं मी म्हणणार नाही, पण ग्रेड ५ चं वाचन आणि घरी बसून नवीन पानं वाजवण्याचा आनंद हे तुमच्या नक्की आवाक्यात आहे. किती दिवस लागतील ते रोज किती वाचता आणि स्केल्स किती पक्क्या आहेत यावर ठरेल.

वयाचा खरा त्रास वेगळाच असतो आणि तो कोणी सांगत नाही, तो म्हणजे चष्मा. वाचायचा चष्मा पुस्तक हातात धरतो त्या अंतरासाठी असतो, म्युझिक स्टँड त्याहून लांब असतो. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर त्या अंतराचा पट्टा अरुंद असतो, तो सापडावा म्हणून माणूस हनुवटी वर करून वाजवतो, आणि ओळीच्या कडा धूसर दिसतात. माझ्याकडे आलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांपैकी काहींचं अडखळणं निम्मं इथेच सुटलं. बेंचवर नेहमीसारखं बसून डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तो आकडा सांगून फक्त त्या अंतराचा चष्मा करून घ्या. फोटोकॉपी लहान करून आणलेली असेल तर फेकून द्या, दिवा पानावर पडेल असा ठेवा.

राहिली परीक्षा. १५० पैकी साइट-रीडिंगला २१ मार्क असतात, पास व्हायला १४ लागतात, आणि वाजवायच्या आधी अर्धा मिनिट मिळतो, त्यात वाजवून बघायलाही परवानगी असते. बहुतेक जण त्या अर्ध्या मिनिटात पहिल्या बारपासून सुरू करतात आणि तिसऱ्या-चौथ्या बारवर वेळ संपतो. तसं करू नका. आधी की सिग्नेचर (सुरुवातीला दिलेले शार्प-फ्लॅट) आणि टाइम सिग्नेचर (बारमध्ये किती बीट ते), मग शेवटच्या बारवर एक नजर म्हणजे कुठे जायचंय ते कळतं, मग पूर्ण पानावरून हात कुठे हलतो आणि ॲक्सिडेंटल (मधेच आलेले शार्प, फ्लॅट, नॅचरल) कुठे आहेत एवढंच शोधा. त्यातली सगळ्यात वाईट जागा एकदा दोन्ही हातांनी वाजवून बघा, पहिल्या कॉर्डवर बोटं ठेवा, आणि त्या वाईट जागेच्या लयीला जमेल तोच वेग धरून मनात एक पूर्ण बार मोजून सुरू करा.